साक्षात्काराची साक्ष आणि बुद्धीचे न्यायासन

गुरुदेव रा. द. रानडे यांचा गीतेवरील इंग्रजी ग्रंथ नागपूर विद्यापीठाने १९५९ साली, म्हणजे त्यांच्या निर्वाणानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध केला. अर्वाचीन भाष्यांच्या चक्रव्यूहातून वाट दाखविणे हा त्याचा हेतू उपशीर्षकातच सांगितलेला आहे. ईश्वरसाक्षात्कार हेच गीतेचे तात्पर्य, हा त्यातील सिद्धान्त. साक्षात्कार बुद्धीच्या कक्षेबाहेरचा असतो. परंतु गीतेचे तात्पर्य तेच आहे, दुसरे नव्हे, हे ठरविण्यासाठी ग्रंथकाराला पूर्वपक्ष मांडावे लागतात, वचनांचे संदर्भ तपासावे लागतात, प्रतिपक्षाचे दोष दाखवावे लागतात. हे सर्व काम बुद्धीचे आहे. यात विसंगती आहे असे नाही. पण अंतःप्रज्ञेचा अधिकार कोठे संपतो आणि बुद्धीचा कोठे सुरू होतो, हा प्रश्न मात्र यातून अटळपणे उभा राहतो.

महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील आपल्या १९३३ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत रानड्यांनी या प्रश्नाला हात घातला आहे. ईश्वराचे साक्षात, अव्यवहित आणि अंतःप्रज्ञेने होणारे ग्रहण म्हणजे गूढानुभव, अशी त्यांची भूमिका आहे. ही अंतःप्रज्ञा बुद्धी, भावना व इच्छाशक्ती यांच्या विरोधात उभी नसून त्या तिहींच्या मुळाशी असते, असेही ते आवर्जून सांगतात. बुद्धीला हिणवून भक्तीचा गौरव करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. रानडे तिच्या आहारी गेले नाहीत, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करावी अशी आहे.

अडचण येते ती निकषाच्या ठिकाणी. अनुभव सत्य की भास, हे कशावरून ओळखावे? रानड्यांचे एक महत्त्वाचे उत्तर सार्वत्रिकतेचे आहे. निरनिराळ्या देशांतील व काळांतील साक्षात्कारी पुरुषांची साक्ष जुळते आणि ही सार्वत्रिकता त्या अनुभवाला वस्तुनिष्ठता प्राप्त करून देते. येथे ते कांटचा आधार घेतात. परंतु कांटची सार्वत्रिकता साक्षीदारांच्या मोजणीतून आलेली नाही. अनुभव शक्य होण्यासाठी प्रत्येक ज्ञात्याच्या ठिकाणी जे आकार असावेच लागतात, त्यांच्यापासून ती निष्पन्न होते. शिवाय मानवाला अतींद्रिय अंतर्दृष्टी नाही, असे ज्याने स्पष्ट बजावले तो हाच कांट. त्याच्या कोठारातील माप घेऊन त्याने नाकारलेली वस्तू मोजण्याचा हा प्रकार आहे. साक्ष जुळते एवढे जरी धरून चालले, तरी ती जुळते हे ठरविणारा कोण? निंबाळ आणि आळंदी, एकहार्ट आणि प्लॉटिनस यांच्या उक्ती शेजारी शेजारी ठेवून त्यांतील साम्य पाहणारी शक्ती तुलना करणारी बुद्धीच असते.

खुद्द नागपुरातच या निकषाची कसोटी पाहता येते. १९४७ च्या फाळणीनंतर जरीपटक्यात वसलेल्या सिंधी समाजाने शाह, सचल व सामी यांच्या काव्याचा वारसा बरोबर आणला. त्यातील सुफी व वेदान्ती अनुभव रानड्यांच्या साक्षीदारांत सहज बसेल. पण जरीपटक्याला लागून इंदोरा आहे, आणि तेथील बौद्ध वस्तीचा वैचारिक वारसा वेगळा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा, आत्म्यावरील श्रद्धा आणि ब्रह्माशी ऐक्य या तिन्ही गोष्टी धम्माबाहेर ठेवलेल्या आहेत. बोधिवृक्षाखालील बोध हाही अनुभवच, आणि त्यातून ईश्वर निष्पन्न झालेला नाही. आता बुद्धाला साक्षात्काऱ्यांच्या मंडळात घ्यावे, तर ईश्वराविषयीचे एकमत मोडते. त्याला वगळावे, तर ज्यांना ईश्वर दिसला तेच खरे साक्षीदार अशी अट आधीच घातली गेली असे होते, आणि निकष चक्राकार ठरतो. हा पेच केवळ शास्त्रीय नव्हे. एका रस्त्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्या माणसांना परस्परांशी धर्माविषयी बोलावयाचे असेल, तर 'मला दिसले' हे वाक्य दोघांनाही पुरत नाही.

नैतिकतेचा दुसरा निकष अधिक भक्कम आहे, कारण आचरण सर्वांना दिसते. पण त्यातून माणूस पारखला जातो, त्याचे विधान नव्हे. सज्जनाचीही चूक होऊ शकते.

उलट पक्षाचा आवाजही याच शहरातून उठला. १९९० साली नागपुरात निघालेल्या 'नवा सुधारक', पुढे 'आजचा सुधारक', या मासिकात प्रा. दि. य. देशपांडे यांनी विवेकवादाची सविस्तर मांडणी केली. पुराव्याचे बळ जेवढे, तेवढाच विश्वास ठेवावा, हा विवेकवादाचा दंडक. रसेलनेही १९१४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अंतर्दृष्टीला नव्या श्रद्धांचा उगम म्हणून मान दिला, पण तपासल्यावाचून ती सत्याची हमी देऊ शकत नाही असे सांगितले. मात्र विवेकवाद्यालाही एका ठिकाणी थांबावे लागते. अनुमानाचा नियम अनुमानाने सिद्ध करता येत नाही. 'शिव' हा गुण व्याख्येच्या पलीकडचा असून त्याचे ज्ञान साक्षातच होते, असे १९०३ साली म्हणणारा मूर काही गूढवादी नव्हता. तेव्हा साक्षात् ज्ञान मुळीच नाही असे म्हणण्याची सोय बुद्धिवाद्याला नाही. कोणत्या साक्षात् ज्ञानाची फेरतपासणी होऊ शकते आणि कोणत्याची नाही, एवढाच वाद त्याने करावा. आणि तो वाद मोठा आहे.

या वादात ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' पुन्हा वाचण्यासारखा आहे. नाव अनुभवाचे, पण प्रकरणे खंडनाची: शब्दखंडन, अज्ञानखंडन, ज्ञानखंडन. त्यांपैकी सर्वांत दीर्घ जे अज्ञानखंडन, त्यातील युक्तिवाद कोणाही नैयायिकाला तपासता येईल असा आहे. अज्ञान ज्याच्या आश्रयाने राहते त्याला ते अज्ञानी करीत नसेल, तर त्याला अज्ञान म्हणावयाचे कशाच्या बळावर? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी समाधी लागत नाही. तो चुकीचा ठरविण्यासाठीही लागत नाही. रानड्यांनी ज्या कवीला आपल्या साक्षीदारांत अग्रस्थान दिले, त्याने शब्दांचे खंडन केल्यानंतरही ग्रंथ थांबविलेला नाही; वाचकापुढे एकामागून एक विकल्प ठेवीत तो शेवटपर्यंत शब्दांनीच वाद करतो.