काटकोनाची कला आणि वऱ्हाडातील संकल्पचित्र

नेदरलँड्समधील लायडन शहरात १९१७ साली थिओ फान डूसबर्ख या चित्रकाराने ‘डी स्टाइल’, म्हणजे ‘शैली’, या नावाचे नियतकालिक सुरू केले आणि त्याभोवती जमलेल्या चित्रकार-वास्तुशिल्पींच्या चळवळीलाही पुढे तेच नाव पडले. महायुद्धात तो देश तटस्थ होता. १९१४ मध्ये पॅरिसहून मायदेशी आलेला या चळवळीतील चित्रकार पीट मोंद्रियान युद्धामुळे तेथेच अडकला आणि घनवादातून, म्हणजे वस्तूचा आकार फोडून तिच्या अनेक बाजू एकत्र दाखवणाऱ्या पद्धतीतून, त्याने जे घेतले होते त्याला या सक्तीच्या मुक्कामात वेगळे वळण लागले. १९०९ पासून तो थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद होता, आणि दृश्य जगामागे एक स्थिर तत्त्व असते ही त्या पंथाची धारणा त्याच्या चित्रविचाराच्या मुळाशी आहे. या संस्थेचे ठाणे अड्यारला जाण्यापूर्वी १८७९ पासून काही वर्षे मुंबईत होते, तेव्हा ही कला सर्वस्वी परकी ठरवण्याची घाई कोणी करू नये.

आडव्या-उभ्या रेषा, तांबडा-पिवळा-निळा हे मूळ रंग आणि काळा, पांढरा, करडा एवढीच या शैलीची सामग्री असली, तरी तिचे मर्म मांडणीत आहे. मोंद्रियानच्या प्रौढ चित्रांत मध्य नसतो. कोपऱ्यातील तांबड्याचा लहानसा तुकडा पांढऱ्याच्या मोठ्या विस्ताराला तोलून धरतो आणि रेषा कडेपर्यंत जाऊन चित्राबाहेरही चालू असल्याचा भास देतात. याच चळवळीतील खेरिट रीटफेल्डच्या प्रसिद्ध खुर्चीतही लाकडी दांड्या एकमेकींना ओलांडून पुढे जातात आणि त्यांची कापलेली टोके पिवळी रंगवलेली असल्याने कोणतीही दांडी संपल्यासारखी वाटत नाही. पुढे डूसबर्खने तिरकी रेषा आणली आणि मोंद्रियान दूर झाला.

आपल्याकडे वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याच्या शाळांत, भूमिती आणि चित्रकला यांची गाठ पडते ती एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय ग्रेड परीक्षांत. तेथे कर्तव्य भूमिती हा काटेकोर आखणीचा विषय आणि संकल्पचित्र हा नक्षीचा; दोन्ही एकाच विद्यार्थ्याच्या हातून होतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. ठरलेल्या चौकटीत आकार बसवून, दोन्ही बाजू सारख्या करून, स्वच्छ रंग भरण्याची सवय हाताला वळण लावते, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की त्या सवयीत भूमिती सजावटीपुरतीच उरते. रिकाम्या जागेलाही वजन असते, ही डच चित्रकारांची मुख्य शिकवण तिच्यात शिरतच नाही.

या संदर्भात नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचे नाव ओघाने येते, परंतु त्यांना मोंद्रियानच्या पंगतीत बसवणे वरवरचे आहे. सत्तरच्या दशकाअखेरपासून त्यांच्या चित्रांत स्थिरावलेला बिंदू हा केंद्रच असतो, त्रिकोण व वर्तुळे त्याच्याभोवती रचली जातात आणि रंगांना पंचमहाभूतांचा अर्थ असतो. मोंद्रियानने नाकारले ते नेमके हेच केंद्र. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) तर रोलर आणि चाकूने रंगाचे थर चढवत व खरवडत अशा ठिकाणी पोहोचले, की तेथे काटकोनाचे कामच उरले नाही.