कुमिंगाला ठेवलंय, पण कशासाठी?

३० सप्टेंबर २०२५ ला गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि जोनाथन कुमिंगा यांचा करार एकदाचा झाला. दोन वर्षं, जास्तीत जास्त ४८.५ मिलियन डॉलर, आणि दुसरं वर्ष द्यायचं की नाही हे टीम ठरवणार. सगळा उन्हाळा हे घोंगडं भिजत पडलं होतं. बे एरियातल्या मराठी मंडळींमध्येही तोवर दोन तट पडले होते. एक म्हणणार, पोरगा हिरा आहे, जाऊ देऊ नका. दुसरा म्हणणार, एक दिवस तीस पॉइंट आणि पुढचे तीन दिवस गायब, कशाला ठेवायचा? थोडक्यात, टॅलेंट आहे पण सातत्य नाही.

हे 'सातत्य नाही' प्रकरण जरा उघडून बघायला हवं, कारण मला वाटतं त्यात दोन वेगळ्या तक्रारींची खिचडी झाली आहे.

आधी आकडे. कुमिंगा काँगोमधल्या गोमाचा. किशोरवयात अमेरिकेत आला, २०२१ च्या ड्राफ्टमध्ये अठराव्या वर्षी सातव्या क्रमांकावर वॉरियर्सनी घेतला, आणि पुढच्याच जूनमध्ये त्याच्या नावावर चॅम्पियनशिप लागली. २०२३-२४ मध्ये त्याने सरासरी १६.१ पॉइंट केले, साधारण २६ मिनिटं खेळून. पुढच्या सीझनला १५.३, साधारण २४ मिनिटांत. आता हेच ३६ मिनिटांच्या हिशेबाने मांडा: दोन्ही वर्षी बावीस-तेवीसच्या आसपास. म्हणजे मिनिटाला किती पॉइंट, यात तो बऱ्यापैकी स्थिर आहे. वरखाली होतात ती मिनिटं.

आणि मिनिटं कशी मिळाली ते बघा. जानेवारी २०२४ मध्ये डेन्व्हरविरुद्ध चांगला खेळत असताना शेवटची १८ मिनिटं तो बेंचवर होता. वॉरियर्सनी मोठी आघाडी घालवली आणि योकिचने शेवटच्या सेकंदाला लांबून बॉल टाकून मॅच नेली. कोच स्टीव्ह कर यांच्यावरचा कुमिंगाचा विश्वास उडाल्याच्या बातम्या लगेच आल्या. मग मिनिटं वाढली, आणि ओळीने वीस-वीस पॉइंटच्या मॅचेस आल्या. जानेवारी २०२५ मध्ये घोटा मुरगळला, तो थेट मार्चमध्ये परतला. तोवर जिमी बटलर टीममध्ये आला होता. एप्रिलमध्ये मेम्फिसविरुद्धच्या प्ले-इनमध्ये कुमिंगाला एक मिनिटही मिळालं नाही. महिन्याभरात मिनेसोटाविरुद्ध स्टीफन करी जखमी झाला, आणि तोच पोरगा अचानक मुख्य स्कोअरर! तिसऱ्या मॅचला ३० पॉइंट, शेवटच्या चार मॅचेसची सरासरी २४ च्या वर. असं वेळापत्रक कुणालाही द्या, सातत्य कुठून आणणार?

पण इथे थांबलो तर स्टीव्ह कर यांच्यावर अन्याय होईल. त्यांची तक्रार वेगळी आहे आणि मला ती पटते. वॉरियर्सचा खेळ करीच्या बॉलशिवाय पळण्यावर उभा आहे. इतरांनी अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं: पास, स्क्रीन, की बास्केटकडे कट. कुमिंगा बॉल पकडतो, क्षणभर थांबतो, समोरच्याला जोखतो आणि मग आत घुसतो. दुसऱ्या एखाद्या टीममध्ये हाच खेळ चालून जाईल. इथे त्या क्षणभरात करीचा कट वाया जातो. त्यात त्याचे थ्री-पॉइंटर तीस टक्क्यांच्या आसपास, ड्रेमंड ग्रीन आणि बटलरही बाहेरून फार धाक घालणारे नाहीत, त्यामुळे तिघं एकत्र असले की बचाव करणारे निवांत आत दाटी करून उभे राहतात. एवढी उडी असून रिबाउंड पाचाच्या खाली, हेही आहेच.

म्हणजे कोचला डाचतं ते त्याचं सातत्यच: चार वर्षांत तो आपल्याच पद्धतीने खेळत राहिला. मिनेसोटाच्या मॅचेस त्याच्या चाहत्यांचा हुकमी पत्ता आहेत, पण त्या करी नसताना झाल्या. तो किती चांगला आहे हे त्यातून कळतं. करीबरोबर तो बसतो का, हे कळत नाही.

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकातलं क्रिकेट अजून जेवणाच्या टेबलावर येतं, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. विनोद कांबळी: पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा, चार शतकं, त्यात लागोपाठ दोन द्विशतकं. पुढच्या दहा कसोटींत एकही शतक नाही. कसोटी कारकीर्द तेविसाव्या वर्षी संपली, तीही ५४ च्या सरासरीवर. बाबा लोक याचं कारण नेहमी स्वभावात शोधतात. असेलही. पण वनडेत त्याला २००० पर्यंत आत-बाहेर करत ठेवलं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

वॉरियर्सचंही हे पहिलं प्रकरण नाही. म्हातारे जिंकत असताना पोरांना तयार करायचं, अशी त्यांची दुहेरी योजना होती. २०२० चा दुसऱ्या क्रमांकाचा जेम्स वाइजमन २०२३ च्या फेब्रुवारीत गेला. जॉर्डन पूलला मोठा करार दिला आणि वर्षाच्या आत क्रिस पॉलसाठी वॉशिंग्टनला पाठवलं. उरलेल्यांत कुमिंगा.

म्हणून मला हा नवा करार खटकतो. एनबीएमध्ये मोठ्या पगाराचा खेळाडू आणायचा तर जवळपास तेवढाच पगार द्यावा लागतो. कुमिंगाने साधी आठेक मिलियनची एक वर्षाची ऑफर घेतली असती, तर त्याच्या बदल्यात फारसं काही आलं नसतं. आता वर्षाचे बावीस-तेवीस मिलियन म्हणजे ट्रेडसाठी सोयीची रक्कम. टीमने खेळाडू ठेवलाय की सुट्टे पैसे?

माझ्या मते त्याला याच उन्हाळ्यात जाऊ द्यायला हवं होतं, कमी मोबदल्यात का होईना. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये करी ३७ चा होता, बटलर ३६ चा, ड्रेमंड ३५ चा, आणि त्यात ३९ चा अल हॉरफर्ड आला होता. या लोकांकडे शिकवायला वेळ नाही. कुमिंगा त्याच महिन्यात २३ चा झाला, त्याच्याकडेही बेंचवर घालवायला वर्ष नाही. ठेवलाच आहे तर करी बाहेर बसतो ती मिनिटं पूर्णपणे कुमिंगाच्या हातात द्या, चुकला तरी काढू नका, निदान जानेवारीपर्यंत. सीझन सुरू झाला की मी स्कोअरच्या आधी तेवढंच बघणार आहे: करी उठून बेंचकडे आला की कोण उठतंय.