वेस्टर्न पाहावेत जोडीजोडीने

गटाने मिळून पाहण्यासाठी जुने वेस्टर्न निवडायला बसलं की बहुतेक याद्या सारख्याच निघतात. १९३९चा ‘स्टेजकोच’, मग ‘हाय नून’, ‘शेन’, ‘द सर्चर्स’, सर्जिओ लिओनेचा एखादा आणि शेवटी क्लिंट ईस्टवुडचा ‘अनफरगिव्हन’. यातला एकही चित्रपट टाकाऊ नाही. पण ही यादी सनावळीप्रमाणे दाखवत गेलं की चर्चा दर वेळी त्याच वळणावर येते. छायाचित्रण अप्रतिम, दऱ्याखोरी भव्य, संगीत लाजवाब, आणि मंडळी चपला घालून निघतात. या चित्रप्रकाराचा खरा जीव त्यात सापडत नाही. वेस्टर्न वाढला तो आपापसांतल्या भांडणांवर. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला पटली नाही, म्हणून त्याने स्वतःचा चित्रपट काढला. तेव्हा गटाने चित्रपट सुटे न निवडता अशी भांडणं निवडावीत.

‘हाय नून’चंच घ्या. फ्रेड झिनमनच्या १९५२च्या या चित्रपटात मार्शल विल केन लग्न लावून, नोकरी सोडून गावाबाहेर पडायच्या बेतात आहे. तेवढ्यात खबर येते, की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि दुपारी बाराच्या गाडीने येतोय. चित्रपट ८५ मिनिटांचा आणि गोष्टीतला वेळही जवळपास तेवढाच. भिंतीवरची घड्याळं पुन्हा पुन्हा दिसत राहतात. केन सलूनमध्ये जातो, चर्चमध्ये जातो, एका मित्राच्या दारात उभा राहतो, तर तो मित्र आतूनच बायकोकडून ‘घरी नाहीत’ असं सांगायला लावतो. बारा वाजल्यावर कॅमेरा क्रेनवरून वर वर जातो आणि ओस पडलेल्या रस्त्यावर गॅरी कूपर एकटा उरतो. पटकथाकार कार्ल फोरमनला याच चित्रपटाच्या निर्मितीदरम्यान, १९५१ साली, अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीपुढे उभं राहावं लागलं. त्याने इतरांची नावं दिली नाहीत. पुढे त्याला देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं. ओळखीची दारं आपल्या तोंडावर कशी बंद होतात, हे त्याने स्वतः भोगलेलं होतं.

हॉवर्ड हॉक्सला हा मार्शल मुळीच पटला नाही. चांगला शेरीफ मदत मागत गावभर फिरायचा नाही, असं त्याचं मत. त्याने १९५९ साली जॉन वेनला घेऊन ‘रिओ ब्राव्हो’ काढला. याची सुरुवातीची काही मिनिटं संवादाविना जातात. दारूच्या आहारी गेलेला ड्यूड सलूनमध्ये येतो. त्याची तलफ ओळखून एक जण चांदीचा डॉलर पिकदाणीत फेकतो. तो काढायला ड्यूड वाकतो, आणि शेरीफ चान्स लाथ मारून पिकदाणीच उडवून देतो. डीन मार्टिनचा वर पाहणारा चेहरा एवढ्यात सगळं सांगून जातो. पुढे चान्सला मदत देऊ केली जाते आणि तो ती नाकारतो. त्याच्या बाजूने उभे राहतात ते हाच दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक कोवळा पोरगा. गावाचं रक्षण करणं हे पगारी माणसाचं काम, की गावाचं? लागोपाठच्या दोन बैठकांत हे दोन चित्रपट दाखवले तर या प्रश्नावर गटात दोन तट पडतीलच. माझ्या मते चित्रपट म्हणून हॉक्सचा सरस आहे. त्यात माणसं एकमेकांना सांभाळून घेताना दिसतात आणि त्यातलं प्रेम कुठेही बोलून दाखवलेलं नाही. पण उत्तर द्यायला अवघड प्रश्न झिनमनचाच. वेनने ‘हाय नून’ला अमेरिकाविरोधी म्हटलं. आणि १९८९च्या जूनमध्ये पोलंडच्या निवडणुकीत ‘सॉलिडॅरिटी’ने भिंतीभिंतीवर लावला तो याच गॅरी कूपरचा फोटो, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका दिलेला.

दुसरी जोडी जमवणं कठीण आहे, कारण ‘द सर्चर्स’ला (१९५६) तोलामोलाचं उत्तर कुणी दिलेलं नाही. या चित्रपटाला ऑस्करचं एक नामांकनही मिळालं नव्हतं. ‘साइट अँड साउंड’ने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो २०१२मध्ये सातवा आणि २०२२मध्ये पंधराव्या क्रमांकावर होता. जॉन फोर्डने यात काय केलंय हे पाहायचं तर सुरुवातीचा एक प्रसंग थांबवून, पुन्हा लावून पाहावा. ईथन (जॉन वेन) मोहिमेवर निघालाय. त्याची भावजय मार्था आतल्या खोलीतून त्याचा कोट आणते आणि आणण्याआधी त्यावरून हळुवार हात फिरवते. पुढे पाद्री क्लेटन उभ्याउभ्या कॉफी पितोय. त्याची नजर तिकडे जाते आणि लगेच तो समोर पाहू लागतो. पुढे जे घडतं त्यामागे हा कोट आहे. मार्था मारली जाते, तिची धाकटी मुलगी डेबी कोमांची लोक पळवून नेतात आणि ईथन वर्षानुवर्षं तिच्या मागावर राहतो. तिला सोडवायला की मारायला, हे शेवटपर्यंत कळत नाही. अखेर तो तिला उचलून कवेत घेतो तेव्हा त्याचं मन का पालटलं, याचं कारण फोर्ड देत नाही. गटाने तासभर बोलावं ते यावर.

पण याच चित्रपटात ‘लुक’ नावाची कोमांची स्त्री आहे. गैरसमजातून ती ईथनसोबत डेबीच्या शोधात फिरणाऱ्या तरुण मार्टिनची बायको ठरते आणि तो तिला लाथेने उतारावरून ढकलतो. प्रेक्षकांनी हसावं अशी तिथे योजना आहे. पुढे तीच स्त्री घोडदळाच्या हल्ल्यात मेलेली सापडते आणि सूर गंभीर होतो. फोर्डने आधीच्या हसण्याची शिक्षा दिली, असं समर्थन केलं जातं. मला ते पटत नाही. तो विनोद तेव्हाही हीनच होता. कोमांची सरदाराचं काम बर्लिनमध्ये जन्मलेल्या हेन्री ब्रँडनने केलंय आणि टेक्सास म्हणून दिसते ती नवाहो लोकांच्या भूमीवरची मॉन्युमेंट व्हॅली. या कथेची आठवण ज्या सिंथिया ॲन पार्करशी जोडली जाते, तिला १८३६मध्ये लहान वयात पळवलं गेलं. ती कोमांचींमध्ये वाढली, संसारात रमली, आणि १८६०मध्ये तिला जबरदस्तीने परत आणलं गेलं. गोऱ्या नातेवाइकांत तिचा जीव कधीच रमला नाही. तिचा मुलगा क्वानाह पार्कर पुढे कोमांचींचा पुढारी झाला. तिच्या लेखी ती सुटका म्हणजे दुसरं अपहरणच होतं. ‘द सर्चर्स’च्या जोडीला मी क्रिस आयरचा ‘स्मोक सिग्नल्स’ (१९९८) लावीन. तो वेस्टर्न नाही. पण त्यात बसमधून चाललेले दोन मूलनिवासी तरुण जॉन वेनच्या दातांवर गाणं म्हणतात, आणि फोर्डच्या चित्रपटात ज्यांना बोलूच दिलं नाही त्यांचा आवाज ऐकू येतो.

आपल्याकडे वेस्टर्न म्हटलं की अनेकांना ‘मॅकेनाज गोल्ड’ आठवतो. अमेरिकेत समीक्षकांनी झोडपलेला हा १९६९चा चित्रपट भारतात मात्र धो धो चालला. ‘शोले’तलं ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड आणि लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधलं मॅकबेन कुटुंबाचं हत्याकांड शेजारी ठेवून पाहणं मौजेचं आहे. पण साम्यं मोजण्यापलीकडे ती चर्चा फारशी सरकत नाही. एक संध्याकाळ त्याला पुरे.

बायकांच्या बाजूने पाहिलं तर यादी एकदम आखडते. म्हणून निकोलस रेचा ‘जॉनी गिटार’ (१९५४) हवाच. सलूनची मालकीण व्हिएन्ना रेल्वे येण्याची वाट पाहत बसलीय, तिच्या जिवावर उठलेली एमा गावकऱ्यांना भडकवतेय, आणि शेवटची चकमक या दोघींतच होते. गावकरी एका घाबरलेल्या पोराकडून व्हिएन्नाविरुद्ध खोटी साक्ष काढून घेतात ते दृश्य ‘हाय नून’ पाहिलेल्या गटाला लगेच ओळखू येईल. त्याच्यासोबत केली रायकार्टचा ‘मीक्स कटऑफ’ (२०१०) लावावा. १८४५ साली ओरेगॉनकडे निघालेली कुटुंबं वाट चुकलीयत, पाणी संपत आलंय. पुरुष लांब उभे राहून ठरवतात आणि आपण बायकांसोबत अर्धवट शब्द ऐकत राहतो. चौकट जवळजवळ चौकोनी, त्यामुळे क्षितिजाचा जुना रुबाब नाही. त्या बायकांतली एमिली बंदूक भरते, बार उडवते आणि पुन्हा भरते. तो सगळा वेळ रायकार्ट दाखवते. आधीच्या शेकडो चित्रपटांत पटापट सुटलेल्या गोळ्या इथे खोट्या वाटू लागतात. पकडलेल्या मूलनिवासी माणसाच्या बोलण्याला उपशीर्षकं नाहीत, त्यामुळे तो वाट दाखवतोय की घात करतोय, हे आपल्यालाही कळत नाही.

नवा वेस्टर्न जुन्याला उत्तर देतो, पण नव्याला उत्तर द्यायला कुणी येत नाही. आजच्या वेस्टर्नची दुखरी जागा इथेच आहे. एके काळी हॉलिवूड वर्षाला कितीतरी वेस्टर्न काढत होतं. हॉक्सने उत्तर दिलं तेव्हा झिनमन आणि वेन हयात होते, प्रेक्षकांना दोन्ही चित्रपट आठवत होते. १९८०मध्ये ‘हेवन्स गेट’ आपटला आणि पैसे घालणारे बिचकले. त्यानंतर १९९०चा ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’ आणि १९९२चा ‘अनफरगिव्हन’ या दोघांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलं, तरी ओघ परतला नाही. जेन कॅम्पियनचा ‘द पॉवर ऑफ द डॉग’ (२०२१) न्यूझीलंडमध्ये चित्रित झाला, दिग्दर्शनाचं ऑस्कर घेऊन गेला, आणि त्याला उलट उत्तर देणारा वेस्टर्न आला नाही. केविन कॉस्नरच्या ‘होरायझन’चा पहिला भाग २०२४मध्ये पडला, तर ठरलेल्या तारखेला दुसरा भाग चित्रपटगृहांत लागलाच नाही. चांगले वेस्टर्न आजही होतात, पण ते मेलेल्या पूर्वजांशी बोलतात. समकालीनांशी भांडायला त्यांना कुणी उरलेलं नाही, आणि यामुळे त्यांच्यात एक प्रकारचं सुतक शिरलंय. ‘मीक्स कटऑफ’सारखा चित्रपटही एकट्याने पाहिला तर कोरडा वाटू शकतो. जुन्याच्या शेजारी ठेवला की तो पेट घेतो.

गट नवा असेल तर पहिल्या बैठकीला बड बोटिकरचा ‘राइड लोनसम’ (१९५९) लावा. ७३ मिनिटांचा आहे, बोलायला भरपूर वेळ उरतो, आणि सूडासाठी निघालेल्या माणसाबद्दल मत बनवायला पूर्वतयारी लागत नाही. ‘रिओ ब्राव्हो’ त्याच वर्षीचा, दोन तासांहून बराच लांब. तो सुट्टीच्या दिवशी ठेवावा. ‘द सर्चर्स’ टीव्हीवर किंवा फोनवर दाखवू नये, शक्य तेवढा मोठा पडदा मिळवावा. ‘मीक्स कटऑफ’ रात्री उशिरा लावू नका. तो मध्येच तुटल्यासारखा संपतो आणि लोकांना लगेच बोलायचं असतं.