घड्याळ बरोबर, मोजमाप चूक

एकाच संगणकावर अनेक ‘आभासी संगणक’ चालवता येतात. प्रत्येकाला प्रोसेसर आपल्या एकट्याचाच वाटतो. प्रत्यक्षात तो पाळीपाळीने मिळतो. पाळी नसताना आभासी संगणक स्तब्ध असतो, काळ मात्र थांबत नाही. मग त्याच्या घड्याळाचे काय होते? व्हीएमवेअर कंपनीची ‘टाइमकीपिंग इन व्हीएमवेअर व्हर्च्युअल मशीन्स’ ही माहितीपुस्तिका या एकाच प्रश्नाला वाहिलेली आहे. २०११ च्या व्हीस्फिअर ५.० साठीची तिची आवृत्ती येथे विचारात घेतली आहे.

सुरुवातीला वेळ ठेवण्याच्या दोन पद्धती पुस्तिकेने छान वेगळ्या केल्या आहेत. ठरावीक अंतराने येणारे टोले मोजणे ही एक. सतत पुढे सरकणारा गणक हवा तेव्हा वाचणे ही दुसरी. घोळ होतो तो मुख्यतः पहिलीत. शाळेचा शिपाई दर मिनिटाला टोला देतो आणि गुरुजी टोले मोजून वेळ ठरवतात, असे समजा. शिपाई तीन मिनिटे दुसऱ्या कामाला गेला, तर तीन टोले बुडतील. परत आल्यावर त्याने ते भराभर दिले की हिशेब जुळेल. व्हीएमवेअर हाच उपाय करते. पण बुडालेले तीन टोले गुरुजींनीही आपल्या मनाने मिळवले, तर घड्याळ तीन मिनिटे पुढे जाईल! काही जुन्या लिनक्स प्रणालींत अशी भरपाई आपोआप होत असे, म्हणून आभासी संगणकाचे घड्याळ पुढे धावे. हे कारण पुस्तिका आडपडदा न ठेवता सांगते.

उणीव आहे ती मांडणीत. पीआयटी, एपिक, टीएससी, एचपीईटी अशा घटकांची ओळख आधी येते आणि ‘भासमान वेळ’ ही कळीची कल्पना नंतर. प्रश्नच पुरता समजला नसेल, तर उपकरणांच्या यादीत नवखा वाचक हरवतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. शिपाई भराभर टोले देत असताना एखाद्या मुलाने मैदानाला फेरी मारली, तर तिला खऱ्यापेक्षा जास्त वेळ लागल्याची नोंद होईल. शिपाई नसताना मारलेल्या फेरीला मुळी वेळच लागला नाही, असे दिसेल. शेवटी घड्याळ बरोबर, पण दोन्ही मोजमापे चूक! आभासी संगणकावर आपल्या प्रोग्रामचा वेग मोजणारा विद्यार्थी नेमका येथेच फसतो. खरी वेळ थेट वाचण्याची सोय पुस्तिकेत दिली आहे. पण ती जाणकार प्रोग्रामरसाठी. ‘आता किती वाजले’ आणि ‘किती वेळ लागला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे पहिल्याच पानावर ठसवायला हवे होते.

असे असले तरी पुस्तिका वाचनीय आहे. शिक्षकांनी तिच्या आधी वर्गात एक प्रयोग करावा. एकाने दर सेकंदाला टाळी वाजवावी, दुसऱ्याने टाळ्या मोजाव्यात, तिसऱ्याने घड्याळ पाहावे. आणि मध्येच टाळी वाजवणाऱ्याला फळा पुसायला बोलवावे. पुढचे प्रश्न मुले स्वतःच विचारतील.