शाहीर एक, झीलकरीही तोच

मंडळी, गाण्यावर लिहायचं म्हटलं की आपल्या स्मरणिकांची गाडी बहुधा गीतरामायणाच्या स्टेशनातून सुटते आणि हृदयनाथांपाशी येऊन थांबते. त्या मार्गावर माझंही प्रेम आहे. पण यंदा तुम्हाला जरा आडवाटेला नेतो, विस्कॉन्सिनच्या बर्फात. तिथे जन्मलेला 'फॉर एम्मा, फॉरएव्हर अगो' हा अल्बम आपल्या घरातल्या तरुण मुलांना बहुतेक ठाऊक असतो, आणि आपल्याला बहुतेक नसतो.

जस्टिन व्हर्नन हा ओ क्लेअर गावचा मुलगा. मित्रांबरोबर बँड काढून तो नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीला गेला. २००६ साली बँड फुटला, प्रेम तुटलं, आजारपणही मागे लागलं. तेव्हा तो घरी परतला आणि २००६-०७ च्या हिवाळ्यात वडिलांच्या जंगलातल्या केबिनमध्ये सुमारे तीन महिने राहिला. जवळ गिटार, साधा मायक्रोफोन आणि कॉम्प्युटर. जे रेकॉर्ड झालं ते म्हणे नुसतं कच्चं काम होतं, पुढे नीट करायचं होतं. ते पुढे कधी आलंच नाही. २००७ मध्ये त्याने स्वतःच सुमारे ५०० प्रती काढल्या. २००८ मध्ये जॅगजगुवार या छोट्या कंपनीने तोच अल्बम पुन्हा प्रकाशित केला आणि तो जगभर गेला. त्याने घेतलेलं 'बॉन इव्हेर' हे नाव म्हणजे फ्रेंचमधल्या 'शुभ हिवाळा'चं मुद्दाम मोडलेलं स्पेलिंग. थंडीच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विनोद कळायला हरकत नाही!

अल्बम नऊ गाण्यांचा, पाऊण तासाच्या आतला. पहिलं गाणं लागलं की वाटतं, मागे चांगली आठ-दहा माणसं गातायत. प्रत्यक्षात हे बहुतेक सगळे आवाज एकाच गळ्याचे. आपलाच आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून त्याने थरावर थर चढवलेत. मला इथे आपला पोवाडा आठवतो. शाहीर कथा सांगतो आणि मागचे झीलकरी सूर धरून त्याला आधार देतात. या पठ्ठ्याला आधार द्यायला कुणी नव्हतं, म्हणून तो स्वतःच स्वतःचा झीलकरी झाला. 'द वुल्व्ज' मध्ये शेवटाकडे एकच ओळ घोळत राहते, आवाज वाढत जातात, मागे आदळआपट सुरू होते, आणि ते सगळं ज्या तऱ्हेने कोसळतं ते ऐकून अंगावर काटा येतो. दहा वाद्यांच्या ताफ्याला हे साधलं नसतं.

आता तक्रार. यशवंत देवांनी आपल्याला 'शब्दप्रधान गायकी' शिकवली. त्या कसोटीवर हा अल्बम सपशेल नापास! व्हर्नन आधी अर्थ नसलेल्या अक्षरांवर चाल गुणगुणायचा, मग त्या अक्षरांत जे शब्द ऐकू येतील ते लिहायचा. त्यामुळे बऱ्याच ओळी कागदावर वाचल्या तर हाती काहीच लागत नाही. त्यातून तो गातो खोट्या, वरच्या आवाजात. निम्मे शब्द कळत नाहीत. 'टीम' हा तुकडा तर मला जागा भरायला घातल्यासारखा वाटतो. पण 'स्किनी लव्ह' ऐकताना माझा हट्ट मोडतो. तिथे गिटार ताल धरून आपटत राहते, तो खालच्या आवाजात, जवळजवळ ओरडून गातो, आणि दोन माणसांचं संपत आलेलं नातं शब्दांवाचून समजतं. दुःखाच्या पहिल्या दिवसांत माणूस तरी कुठे पूर्ण वाक्यात बोलतो?

मात्र या अल्बमभोवती जी दंतकथा जमली आहे, तिच्याशी माझं भांडण आहे. 'एकटा जंगलात गेला आणि अल्बम घेऊन बाहेर आला' ही गोष्ट विकायला सोपी. पण जंगलात जाण्यापूर्वी त्याच्या गाठीला कित्येक वर्षांचा बँडचा सराव होता. केबिन वडिलांची होती. 'फॉर एम्मा' मधला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन दुसऱ्यांनी वाजवला आहे, आणि नेमकं तेच गाणं मला सर्वांत मोकळं वाटतं, खिडकी उघडावी तसं. दंतकथा म्हणते एकांताने कला दिली. अल्बम ऐकून मला उलटं वाटतं: एकांतात बसून हा माणूस माणसांची गर्दी तयार करत होता.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याही बेसमेंटमधून लॅपटॉप आणि माईक घेऊन बसलेल्या मुलामुलींचे आवाज येतात. आपण विचारतो, 'शिकलीस कुणाकडे? काढणार कोण?' जात्यावर ओवी रचणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे प्रश्न कुणी विचारले नव्हते. पण त्याच मुलांनी 'दार लावून घेतलं की कला होते' असं समजू नये, हेही तितकंच खरं. स्वतः काढलेला अल्बम म्हणजे कुणाच्या परवानगीवाचून काढलेला. कुणाच्याही सोबतीवाचून काढलेला, असा त्याचा अर्थ नव्हे. व्हर्ननला २०१२ साली ग्रॅमी मिळाली ती पुढच्या अल्बमसाठी, आणि त्यात तर वादकांचा चांगला मेळा होता.

तेव्हा रसिकहो, एखाद्या बर्फाच्या रात्री घरातल्या तरुणांना सांगा, 'लाव तुझं ते विस्कॉन्सिनवालं.' पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका. शेवटचं 'री: स्टॅक्स' येईल तेव्हा सगळे थर गळून एक गळा आणि एक गिटार एवढंच उरलेलं असेल. तिथवर पोचा. आणि पुढच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, फिल्मी नाचांच्या रांगेत, स्वतः रचलेलं गाणं म्हणणाऱ्या एखाद्या मुलाला दहा मिनिटं द्या. झील धरायला आपण आहोतच.