ईजिस: ढालीतलं भय

इंग्रजी निमंत्रणपत्रिकेत परिषद अमुक संस्थेच्या ‘ईजिस’खाली भरते, मराठी पत्रिका ‘विद्यमाने’ म्हणून मोकळी होते. दोन्हीकडे अर्थ सौम्यच, कुणाचा तरी आधार, आश्रय. ग्रीकांकडे हा शब्द एवढा सोज्वळ नव्हता. त्याची खरी चव होमरच्या ‘इलियड’मध्ये कळते.

तिथे ईजिस देवांचा राजा झ्यूस याचं. हेफेस्टस या देवांच्या लोहारानं ते त्याला दिलं, माणसांची दाणादाण उडवण्यासाठी. त्याला सोन्याचे शंभर गोंडे, आणि एकेका गोंड्याचं मोल शंभर बैल! पाचव्या सर्गात अथेना ते खांद्यावर टाकते तेव्हा कडेनं भय पसरलेलं असतं, आत कलह, बळ आणि पाठलाग असतात, शिवाय गॉर्गनचं भेसूर मुंडकं. ते अंगावर घेणारा सुरक्षित, समोरचा मात्र गर्भगळीत.

पंधराव्या सर्गात होमरची कारागिरी पाहावी. अपोलो ट्रॉयच्या हेक्टरच्या सैन्यापुढे ईजिस घेऊन चालतो. जोवर ते हातात स्थिर आहे तोवर दोन्हीकडचे भाले सारखेच लागतात, दोन्हीकडची माणसं पडतात. मग तो ग्रीकांच्या डोळ्याला डोळा भिडवतो, ते हलवतो आणि आरोळी ठोकतो. संपलं, ग्रीकांचं अवसान गळतं. त्या वस्तूनं कुणाला साधा ओरखडाही काढलेला नसतो. शस्त्राचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

आणि मग चोविसावा सर्ग. हेक्टर मेला आहे, ग्रीक वीर अकिलीस त्याचं प्रेत रथामागून फरफटवतो आहे. अपोलो येतो आणि कातडी सोलवटू नये म्हणून ते प्रेत सोन्याच्या ईजिसनं झाकतो. देव तोच, वस्तू तीच, हेक्टरही तोच. ज्याच्यासाठी ती शत्रूवर रोखली होती त्याच्यावर आता ती पांघरूण झाली. आजच्या इंग्रजी अर्थाच्या सर्वांत जवळ होमर इथे येतो, पण फार उशिरा.

व्युत्पत्तीचा घोळ आहेच. ग्रीकमध्ये ‘आइक्स’ म्हणजे शेळी, म्हणून ईजिस म्हणजे शेळीचं कातडं, असं जुने लोक सांगत. कुणी त्याला झ्यूसला दूध पाजणाऱ्या अमाल्थियाचं कातडं म्हणे. हिरोडोटसनं तर लिबियातल्या बायकांच्या झालरदार, तांबड्या रंगवलेल्या शेळीच्या कातड्यांकडे बोट दाखवलं. अथेनाच्या ईजिसच्या कडेला साप असतात आणि यांच्याकडे चामड्याच्या वाद्या, फरक तेवढाच, असं त्याचं म्हणणं. ते साप पाहायचे तर अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात जावं. तिथली जुन्या मंदिरावरची अथेना डावा हात पसरून सापांची ती झालर राक्षसावर रोखते.

एस्किलसच्या नाटकात मात्र याच शब्दाचा अर्थ वादळ असा येतो. ‘इलियड’च्या सतराव्या सर्गात झ्यूस ईजिस हाती घेतो तेव्हा इडा पर्वत ढगांनी झाकतो, वीज कडाडते. मला शेळीपेक्षा हे वादळच पटतं.

इंग्रजीनं यातलं भय गाळून आश्रय तेवढा ठेवला. अमेरिकी नौदलानं मात्र आपल्या रडार आणि क्षेपणास्त्रांच्या संरक्षण यंत्रणेला हेच नाव दिलं. ३ जुलै १९८८ रोजी ही यंत्रणा असलेल्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान हल्लेखोर लढाऊ विमान समजून पाडलं. त्यातले सर्व २९० जण मरण पावले.