वस्तादाची विद्या आणि प्रशिक्षकाची पात्रता : कोल्हापूरच्या कुस्तीपरंपरेची एक चिकित्सा

प्रस्तावना

कोल्हापूरच्या कुस्तीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) मल्लविद्येला दिलेला उदार आश्रय, १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान, मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी आदी तालमींचा लौकिक, पंजाबातून येथे आलेले मल्ल आणि त्यांच्या गाजलेल्या लढती हे विषय गौरवग्रंथांतून, स्मरणिकांतून व वृत्तपत्रीय पुरवण्यांतून पुन:पुन्हा येत राहतात. या लेखनाच्या केंद्रस्थानी पैलवान असतो. वस्ताद त्याच्या पाठीशी उभा असलेला दिसतो, करारी मुद्रेचा, मितभाषी, शिस्तीला कठोर. त्याच्या त्यागाचे व निष्ठेचे वर्णन भरभरून केले जाते. पैलवानाच्या खुराकातील दूध, तूप, बदाम यांची मापेही मोठ्या अभिमानाने नोंदविली जातात. परंतु वस्तादाला नेमके काय येत होते, हा साधा प्रश्न या लेखनाने फारसा विचारलेला नाही. व्यक्तिचित्र झाले, विद्येची चिकित्सा झाली नाही, असे म्हणावे लागते.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. क्रीडाप्रशिक्षकाला कोणते ज्ञान व कोणती कौशल्ये अवगत असावीत, याचा विचार पाश्चात्त्य देशांत स्वतंत्र व्यवसायाच्या पातळीवर झालेला आहे. अमेरिकेत खेळाडूंच्या शारीरिक सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली आणि १९९० साली तेथील वैद्यक संघटनेने या कामाला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली. दुखापत टाळणे, तपासणी व निदान, तातडीची शुश्रूषा, उपचारातून खेळाडूला पुन्हा उभे करणे आणि या सर्वांची नोंद व व्यावसायिक जबाबदारी अशी या कामाची क्षेत्रे तेथे मानली जातात. डाव शिकविणारा मार्गदर्शक आणि शरीर सांभाळणारा प्रशिक्षक या तेथे दोन व्यक्ती असतात. कोल्हापूरच्या तालमीत ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली, आणि त्या एका माणसाचे नाव वस्ताद.

ग्रंथांतील प्रशिक्षण

भारतीय परंपरेत या विद्येचा विचारच झाला नव्हता, असे मानणे चुकीचे ठरेल. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. (कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते, ही गोष्ट येथील अभिमानी लेखकांच्या नजरेतून सहसा निसटते.) वय, अंगलट आणि बळ यांनुसार मल्लांचे वर्ग पाडावेत, त्यांचा आहार व व्यायाम ठरवावा, असे हा ग्रंथ सांगतो. गुजरातेतील ‘मल्लपुराण’ याहून पुढे जाते. आखाड्याची माती कशी तयार करावी, कोणत्या ऋतूत काय खावे, कोणते श्रम कोणी करावेत, याचा त्यात तपशील आहे. व्यायामप्रकारांमध्ये त्याने ‘ऊहापोहश्रम’ नावाचा एक प्रकार गणला आहे. लढतीविषयी बसून विचारविनिमय करणे हेही श्रमच होत, ही त्यामागील दृष्टी आहे. आजच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गाला ती शोभून दिसेल.

विसाव्या शतकात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ (१९३६–१९४९) संपादित केला. मराठीतील हे अपूर्व काम आहे. मात्र कोशाचे स्वरूप मूलत: संग्राहक आहे. कोणता डाव कसा करावा हे त्यातून कळते. चुकीच्या पकडीने कोणता सांधा दुखावतो, दुखावल्यास पहिल्या दहा मिनिटांत काय करावे आणि काय करू नये, हे त्याच तपशिलाने कळत नाही. पुढील पिढ्यांनी या दिशेने भर घालावयास हवी होती. ती घातली गेली नाही आणि तालमीतील विद्या पुन्हा मौखिकच राहिली.

जोड लावणे : एक दुर्लक्षित कौशल्य

या मौखिक विद्येतील सर्वांत मोलाचा भाग कोणता, असा प्रश्न केला तर बहुतेक लेखक डावांकडे बोट दाखवतील. ढाक, घिस्सा, कलाजंग, एकलंगी, पट काढणे ही नावे ऐकावयास रम्य आहेत. परंतु प्रशिक्षकाच्या पात्रतेच्या दृष्टीने पाहता ‘जोड लावणे’ हे वस्तादाचे पहिले कौशल्य मानले पाहिजे. गावोगावच्या यात्रांतील मैदानांत वजनकाटा नसे. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या निकाली कुस्तीपर्यंत पंच आणि वस्ताद केवळ नजरेने जोड ठरवीत. मुलाची मान किती भरली आहे, खांदा किती उतरता आहे, चालताना पाऊल कसे पडते, गेल्या महिन्यात तो आजारी होता काय, हे सारे त्या एका नजरेत सामावलेले असे. जोड चुकली की कुस्ती रटाळ तरी होते किंवा धोक्याची तरी. म्हणजेच दुखापत टाळण्याचे जे काम आधुनिक शास्त्र प्रथम स्थानी ठेवते, ते तालमीत ‘जोड’ या एका शब्दात बसलेले होते.

तालमीतील मालिशही याच प्रकारची आहे. तिच्याकडे केवळ अंग मोकळे करण्याची रीत म्हणून पाहिले जाते. वास्तविक रोज हाताखालून जाणाऱ्या शरीरातील सूज, ताठरपणा, एका बाजूचा अशक्तपणा जाणत्या हाताला सर्वांआधी कळतो. ही तपासणीच होय. तिची लेखी नोंद नसते, इतकाच फरक. परंतु हा फरक लहान नाही. नोंद नसल्यामुळे वस्ताद गेला की त्याच्या बोटांतील ज्ञान त्याच्याबरोबर जाते, आणि त्याची चूक झाली असेल तर तीही कोणाला कळत नाही.

माती, कान आणि मान

गौरवपर लेखनाने ज्या गोष्टींवर पांघरूण घातले, त्यांची चर्चा येथे करणे भाग आहे. हौद्यातील तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मिसळले जाते आणि त्यामुळे जखम चिघळत नाही अशी श्रद्धा आहे. मातीची निगा, तिचा मऊपणा व ओलावा यांमागे निश्चित अनुभव आहे. पडणाऱ्या शरीराचा आघात अशी माती सामावून घेते. परंतु धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत व शेणखतात दीर्घकाळ टिकून राहतात आणि हळदीने त्यांचा बंदोबस्त होत नाही. त्याला लसच लागते. मातीवरील श्रद्धा आणि लसीची तारीख या दोन्ही गोष्टी वस्तादाला एकाच वेळी सांभाळता आल्या पाहिजेत.

मोडलेला कान हे पैलवानाचे भूषण समजले जाते. घर्षणाने कानाच्या कूर्चेवर रक्त साकळते आणि कूर्चेचे पोषण तुटते. काही दिवसांत ते रक्त काढून कान दाबून बांधला तर आकार टिकतो, एरवी तो कायमचा कडक होतो. यात प्राणावर बेतण्यासारखे काही नाही, हे खरे. पण जी दुखापत टाळता येण्यासारखी आहे तीच मिरविण्याची वस्तू ठरते, तेव्हा तालमीत आलेला पंधरा वर्षांचा मुलगा दुखणे लपविण्यास शिकतो. आणि दुखणे लपविण्याची सवय कानापुरती थांबत नाही.

मानेच्या बाबतीत ती जिवावर बेतते. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावच्या कुस्ती मैदानात मानेला दुखापत होऊन एका तरुण मल्लाचा मृत्यू झाला. अशा घटनेनंतर हळहळ व्यक्त होते, मदतनिधी उभा राहतो आणि पुढील यात्रेचे मैदान पूर्ववत भरते. डोक्यावर पडलेल्या मल्लाला चौघांनी हातापायांना धरून उचलणे, मान ओढून ‘सरळ’ करणे, तोंडावर पाणी मारून उभे करण्याचा प्रयत्न करणे हे प्रकार आपुलकीतून घडतात. मणक्याला इजा झाली असल्यास हीच आपुलकी मज्जारज्जूची उरलीसुरली हानी पूर्ण करते. डोके व मान हाताने स्थिर धरावी, शुद्धी व श्वास पाहावा, कठीण फळी येईपर्यंत हलवू नये, हे ज्ञान आत्मसात करण्यास पदवीची आवश्यकता नाही. काही तासांच्या सरावाने ते येते. गदा, फेटे आणि हलगी यांची व्यवस्था चोख करणाऱ्या यात्रा समितीला फळी व रुग्णवाहिका अशक्य आहे, असे म्हणता येत नाही.

हेलसिंकीचा धडा

खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४) यांचे उदाहरण या संदर्भात वेगळ्या रीतीने वाचले पाहिजे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना आर्थिक साहाय्य केले. मातीत वाढलेल्या जाधवांना गादीवरील लढत आणि तिचे नियम नवे होते. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाने त्यांना तयार केले आणि ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे मिळालेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

ही कथा त्यागाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. परंतु तिच्यात प्रशिक्षकाच्या ज्ञानाविषयी दोन कठोर गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे माती ते गादी हे अंतर. मातीत चितपट हाच निकाल, वेळेचे बंधन सैल आणि दमसास निर्णायक. गादीवर गुणांचा हिशेब, मिनिटांची मर्यादा आणि वेग. गादीवर बूट घातलेले पाऊल रुतून धरले जाते आणि वरचे शरीर फिरते, तेव्हा पीळ गुडघ्यावर येतो. मातीत पाऊल सरकते. म्हणजे पृष्ठभाग बदलताच दुखापतीची जागाही बदलते, आणि त्याबरोबर व्यायामही बदलावा लागतो. केवळ गादी विकत घेतल्याने तालीम आधुनिक होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता जाधवांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव यांच्याशी लढावे लागले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो मांडण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. नियमांचे ज्ञान हे कार्यालयीन काम आहे असे समजणाऱ्यांनी या अर्ध्या तासाचा विचार करावा. खेळाडूच्या शरीराला विश्रांती मिळवून देणे हेही प्रशिक्षकाचेच काम असते आणि ते कधीकधी नियमपुस्तिकेतील एका कलमाच्या आधारे करावे लागते.

खुराक आणि वजनकाटा

संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी आश्रय संपला. खुराकाची कल्पना मात्र दरबारी काळातीलच राहिली. दूध, तूप, मटण, बदामाची थंडाई यांनी मोठे शरीर घडवावे, हे तंत्र दीर्घकाळ चालणाऱ्या निकाली कुस्तीला आणि वजनगट नसलेल्या मैदानाला धरून होते. वजनगटाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या मल्लाची गरज नेमकी उलट असते. त्याला बळ वाढवायचे असते आणि वजन आवरायचे असते. परंपरेने वाढविण्याचे शास्त्र सिद्ध केले, उतरविण्याचे केले नाही. परिणामी स्पर्धेपूर्वी अन्नपाणी सोडणे, अंगावर जाड कपडे चढवून धावणे असे अघोरी उपाय योजले जातात.

यातील धोका जगाने पाहिला आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत झपाट्याने वजन उतरविताना महाविद्यालयीन वयाच्या तीन कुस्तीगिरांचा महिनाभराच्या अंतरात मृत्यू झाला. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने नियम बदलले. शरीरात पाण्याचे प्रमाण पुरेसे आहे की नाही हे लघवीच्या तपासणीने पाहून मगच हंगामातील किमान वजन ठरविले जाऊ लागले आणि ते काम तेथील प्रशिक्षकांकडे आले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस येथे विनेश फोगाट पन्नास किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी शंभर ग्रॅम वजन अधिक भरल्याने अपात्र ठरल्या. त्या प्रसंगी देशभर संताप आणि सहानुभूती यांचा पूर आला. दोन्ही दिवशी सकाळी वजन देण्याच्या पद्धतीत खेळाडूने मुळात कोणता गट निवडावा, हा निर्णय किती महिने आधी व कोणी घ्यावयाचा असतो, याची चर्चा त्या मानाने अल्पच झाली. हा निर्णय म्हणजे नव्या काळातील जोड लावणेच होय, फक्त येथे जोड खेळाडूची त्याच्याच शरीराशी लावायची असते.

पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेने (स्थापना १९६१) मार्गदर्शकांसाठी पदविका सुरू केल्या आणि त्यातून प्रमाणपत्रधारक वर्ग निर्माण झाला. प्रमाणपत्रधारक आणि जुना वस्ताद यांच्यात परस्परांविषयी अनादर आढळतो. एकाला शास्त्राची परिभाषा येते, दुसऱ्याला पोरगा दमला आहे की घाबरला आहे हे शड्डूच्या आवाजावरून कळते. तालमीला दोघांचीही गरज आहे, पण त्यासाठी वस्तादाच्या ज्ञानाची परीक्षा व्हावी लागेल, केवळ सत्कार नव्हे. त्यातील जे टिकेल ते अभ्यासक्रमात यावे आणि जे टिकणार नाही ते निर्भीडपणे सोडावे.

परंपरा येथे सर्वांत तोकडी पडते ती मुलींच्या बाबतीत. हौद्यात स्त्रीने उतरू नये हा दंडक ज्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्यांच्या अनुभवसंचितात स्त्रीशरीराविषयी काहीच नसणे स्वाभाविक आहे. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि कोल्हापूर परिसरातील मुली आज मोठ्या संख्येने गादीवर उतरत आहेत. मासिक पाळीच्या काळातील सराव, अपुऱ्या आहाराने पाळी थांबणे व त्यातून हाडे ठिसूळ होणे, किशोरवयीन मुलींमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाला असलेला अधिक धोका या विषयांवर वस्तादाकडे ना शब्द आहेत, ना ते विचारण्याची मोकळीक. मुलीही वस्तादांना हे सांगत नाहीत. त्या दुखणे घरी नेतात, आईला सांगतात आणि पुष्कळदा तेथेच त्यांची कुस्ती सुटते. तालमीच्या वहीत अशा मुलीच्या नावापुढे केवळ ‘येत नाही’ एवढीच नोंद राहते.